पाचव्या अर्थाची चिठ्ठी

५ मार्च १९६२, सोमवार

डॉक्टर म्हणाले, हातांना चैन पडत नसेल तर रोज थोडे लिहीत जा. काय लिहायचे ते त्यांनी सांगितले नाही. औषधाच्या बाटलीवर निदान किती चमचे घ्यायचे ते तरी असते.

म्हणून जे झाले तेवढे लिहितो. इसोबेलला जाऊन येत्या १७ मेला वर्ष होईल. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे. एडिंबऱ्यातल्या शब्दकोशाच्या कचेरीत एकोणतीस वर्षे तपासनीस आहे. अर्थ लिहिणारे संपादक वेगळे. मी अर्थ लिहीत नाही. देशभरातले वाचक पुस्तकांतून, वर्तमानपत्रांतून वाक्ये उतरवून चिठ्ठ्या पाठवतात. ते वाक्य त्या पुस्तकात, त्या पानावर, तसेच्या तसे आहे का, हे मी ग्रंथालयात जाऊन पाहतो. असले तर खाली "मूळ पाहिले" असे लिहून सही करतो. नसले तर चिठ्ठी परत.

इसोबेल अशीच वाचक होती. शिक्षिकेची नोकरी सोडल्यापासून एकोणीस वर्षे. सहा हजारांवर चिठ्ठ्या पाठवल्या तिने. याचे पैसे मिळत नाहीत. खंडाच्या सुरुवातीला वाचकांची यादी छापतात, तिच्यात नाव येते, एवढेच. तीन खंडांत तिचे नाव आहे. चौथा या उन्हाळ्यात छापायला जाईल.

आज स्वयंपाकघरातल्या खुर्च्या तीनदा हलवल्या. शेवटी होत्या तशाच ठेवल्या.

७ मार्च, बुधवार

मिस ऑर्मिस्टन यांच्या टेबलावर 'स्ट्रिक्ट' हा शब्द आला आहे. एस अक्षर त्यांच्याकडे आहे. कचेरीत त्यांना सगळे घाबरतात, पण त्या आवाज चढवत नाहीत. चहाचा कप बशीत ठेवतात तोसुद्धा मोजून.

समोरच्या टेबलावरचा बेली म्हणाला, "टुलॉक, हा शब्द करायचा आणि तोही ऑर्मिस्टनबाईंनी! अर्थ लिहायची गरजच नाही. फोटो छापा."

मी म्हटले, "हळू बोल."

"तुझाही छापता येईल. बाईंचा पहिल्या अर्थाला, तुझा दुसऱ्याला."

चार अर्थ सरळ आहेत. पहिला नियमांचा : सक्त मनाई, कडक कायदा. दुसरा माणसांचा : कडक बाप, कडक मास्तर, शिस्तीत वाढलेली मुले. तिसरा, जिथे जराही सूट नाही असा : कडकडीत उपास, पूर्ण गुप्तता. चौथा नेमकेपणाचा : शब्दाचा काटेकोर अर्थ. प्रत्येकाला ढीगभर चिठ्ठ्या आहेत. बेलीने दुसऱ्यातली एक मोठ्याने वाचली. कुणा पोराने लिहिले आहे की आमच्या मास्तरांइतका कडक माणूस गावात नाही, त्यांचा कुत्रासुद्धा रांगेत चालतो. सगळे हसले. मिस ऑर्मिस्टनही, थोड्या.

८ मार्च, गुरुवार

पाचवा अर्थ जुना आहे. घट्ट, आवळलेले, घट्ट मारलेली मिठी किंवा गाठ. लॅटिनमधून आला तेव्हा शब्दाचा मूळ अर्थ हाच होता, नियम वगैरे नंतर आले. छापील पुरावा सतराशे नव्वदच्या सुमारास थांबतो. मेलेल्या अर्थापुढे आम्ही खंजिराची खूण करतो.

मिस ऑर्मिस्टन यांनी मला बोलावले. "मिस्टर टुलॉक, बसा. मी खंजीर ठेवला होता. मग ही चिठ्ठी मिळाली. वाक्य १९११ चं आहे. खरी असेल तर अर्थ जिवंत आहे आणि मला खूण काढावी लागेल."

अक्षर इसोबेलचे होते.

विश्वासाच्या वाचकांच्या चिठ्ठ्या तपासणीला येत नाहीत. इसोबेल अकरा वर्षे त्या वर्गात होती, त्यामुळे तिचे अक्षर कचेरीत माझ्यासमोर येणे बंदच झाले होते. पण ज्या एकाच चिठ्ठीवर एखादा अर्थ उभा राहतो ती तपासायचीच, मग पाठवणारा कोणीही असो.

"दुसऱ्या कोणाला देऊ का?" त्यांनी विचारले.

मी नको म्हणालो.

चिठ्ठी उतरवून ठेवतो.

स्ट्रिक्ट. पिटकॅरो चर्चचे मासिक पत्र, ऑक्टोबर १९११, पान ७. "कबरीपासून त्याने माझा हात स्ट्रिक्ट धरला होता, अगदी फाटकापर्यंत, तिथे माणसे उभी होती म्हणून सोडला." कोपऱ्यात वाचकाचा शेरा : अजून जिवंत. मागे तारीख, ३ फेब्रुवारी १९६१.

वाक्य साधे आहे. पिटकॅरो हे इसोबेलचे माहेर. तिथल्या मासिकात असे काही आले असेल.

१३ मार्च, मंगळवार

मोठ्या ग्रंथालयात पिटकॅरोचे मासिक नाही. दोन लहान ग्रंथालयांतही नाही. तिथल्या पाद्रीसाहेबांना पत्र टाकले.

संध्याकाळी बंदरापर्यंत चालत गेलो आणि परत आलो. परत आल्यावर पुन्हा टोपी घातली. जिन्यात खालच्या मजल्यावरच्या मिसेस गेडिस भेटल्या. या आठवड्यात जिना धुण्याची पाळी माझी आहे, पाटी माझ्याच दाराला लटकते आहे.

"मिस्टर टुलॉक, पाटी दाराला शोभेसाठी लावलेली नसते."

"शनिवारी धुतो."

"शनिवारी? इसोबेल असती तर सोमवारीच जिना आरशासारखा झाला असता. आणि तुम्ही तर म्हणे नियमाचे!"

शनिवारपर्यंत थांबलो नाही, लगेच धुतला. मग कोरडा व्हायची वाट बघत वरच्या पायरीवर बसून राहिलो.

२० मार्च, मंगळवार

पाद्रीसाहेबांचे उत्तर आले. जुने अंक चर्चच्या मागच्या खोलीत कपाटात आहेत, कधीही या, मात्र कोट घालून या, खोलीत शेगडी नाही.

एक गोष्ट मनात फिरते आहे. ३ फेब्रुवारी १९६१ ला इसोबेल अंथरुणावर होती. ख्रिसमसनंतर ती घराबाहेर पडलीच नाही. हे मासिक तिने कुठे पाहिले? माहेराहून कोणी जुना अंक पाठवला असेल. टपाल मीच वर आणत असे. असा अंक आल्याचे आठवत नाही. पण मला सगळेच आठवते असे नाही.

२४ मार्च, शनिवार

पिटकॅरोला जाऊन आलो.

१९११ चे बाराही अंक आहेत, दोऱ्याने शिवलेले. ऑक्टोबरच्या अंकाला चार पाने आहेत. सगळ्याच अंकांना चार. पहिल्या पानावर प्रवचन, दुसऱ्यावर जन्म-मृत्यू, तिसऱ्यावर महिला मंडळाची विक्री, चौथ्यावर कोळसा आणि टोप्यांच्या जाहिराती. पान सात नाही. महिना चुकला असेल म्हणून वर्षभराचे अंक वाचले. मग १९१० आणि १९१२ चेही वाचले. पाद्रीसाहेब दोनदा डोकावले.

"सापडतंय का?"

"नाही."

"मग नसेल."

"पाहतो."

"तुम्ही इसोबेलचे यजमान ना? युफी मावशींकडे जाऊन या की. वाट बघत असतात."

गाडीची वेळ झाली म्हणून सांगितले. खरे तर गाडीला दोन तास होते. युफी मावशी म्हणजे इसोबेलच्या आईची बहीण, चौऱ्याऐंशी वर्षांची. तिच्याकडे जायचे बळ नव्हते. दफनभूमीत गेलो. आमची मुलगी तिथे आहे. १९३४ साली इसोबेल बाळंतपणासाठी माहेरी होती. मुलगी अकरा दिवस जगली. दगड स्वच्छ आहे, मावशी कुणाकडून तरी पुसून घेत असणार. फाटक आता लोखंडी बसवले आहे. पूर्वी लाकडी होते.

त्या दिवसाचे मला फारसे आठवत नाही. बूट नवे होते आणि लागत होते. फाटकापाशी माझे सासरे आणि बोटींवरची माणसे डोक्यावरच्या टोप्या काढून उभी होती.

गाडीत बसल्यावर ते वाक्य पुन्हा वाचले. मग घरापर्यंत वाचत राहिलो.

२६ मार्च, सोमवार

मिस ऑर्मिस्टन यांनी विचारले. मी म्हणालो, "अजून पाहतो आहे." एकोणतीस वर्षांत मी त्यांना खोटे सांगितलेले हे पहिलेच.

वाक्य रचणे हा आमच्याकडचा सर्वांत मोठा गुन्हा. चुकीचे पान, चुकीचे साल, सुटलेला शब्द, हे सगळे होतच असते. पण नसलेले वाक्य आहे म्हणून पाठवणे म्हणजे संपलेच. एका वाचकाने १९४८ साली असे केले. त्याचे नाव यादीतून गेले आणि चिठ्ठ्या बंबात गेल्या. त्या वेळी इसोबेलच जेवताना म्हणाली होती, "बरं झालं. त्याच्यामुळे बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार?"

म्हणजे तिला माहीत होते.

मी सांगितले नाही तर कोणाला कळणार नाही. सही मी करतो आणि माझ्या सहीनंतर कोणी तपासत नाही. पाद्रीसाहेबांना कोशाशी देणेघेणे नाही. सही केली तर तिचे नाव चौथ्या खंडात राहील आणि कोशात एक खोटे वाक्य राहील, माझ्या सहीने. कोश पन्नास वर्षे तरी वापरतात.

२९ मार्च, गुरुवार

बेलीला सांगितले. त्याच्याशिवाय कोणाला सांगणार? बाहेर बाकावर बसून पावात घातलेला खिमा खात होतो.

त्याने खाणे थांबवले. हे त्याच्या बाबतीत क्वचित होते. मग म्हणाला, "टुलॉक, अरे, एकाच चिठ्ठीवर उभा राहिलेला अर्थ तपासणीला येतो, हे तिला ठाऊक होतं ना?"

"होतं."

"आणि तपासणार कोण, हेही?"

"म्हणून तर जास्त लागलं. मी तरी पकडणार नाही असं धरून चालली असेल."

त्याने माझ्याकडे पाहिले. "तू वाक्य नीट वाचलंस ना?"

"साठ-सत्तर वेळा तरी. मी हात सोडला, असं त्यात आहे. सत्तावीस वर्षं मनात ठेवलं तिनं. एकदा बोलली असती तर माफी मागितली असती मी."

बेली म्हणाला, "तुझ्यासारखा तपासनीस मिळायचा नाही." त्याने उरलेला पाव चिमण्यांना टाकला. त्याच्या बोलण्याचा रोख कळला नाही.

२ एप्रिल, सोमवार

सांगून टाकले.

मिस ऑर्मिस्टन यांनी चिठ्ठी पुढे ठेवली, मासिकाबद्दल विचारले, चार पाने म्हणजे नक्की चारच ना, पुरवणी वगैरे नव्हती ना, असे विचारले. मी नाही म्हणालो.

"तुम्ही हे मला एका आठवड्यानं सांगताय."

"हो."

"का?"

"जमलं नाही."

त्या खिडकीकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "मिसेस टुलॉक दर ख्रिसमसला माझ्यासाठी जाम पाठवायच्या. तीस वर्षांत या कचेरीतून मला दुसऱ्या कोणी काही दिलं नाही. हे मी तुम्हाला सांगायला नको, पण सांगते." मग सरळ बसल्या. "नाव यादीतून काढावं लागेल. एका वाक्यासाठी काढायचं, हाच नियम आहे, आणि तो मी बदलणार नाही. चिठ्ठ्यांचं मात्र पाहू. तुम्ही दोनशे चिठ्ठ्या निवडून तपासा. एकही खोटी निघाली नाही तर बाकीच्या राहतील. आणि पाचव्या अर्थाला खंजीर."

"ठीक आहे."

"तुम्ही गप्प राहिला असतात तर मला कळलं नसतं, मिस्टर टुलॉक."

"हो."

"मग?"

मी चिठ्ठ्यांची खोकी मागितली.

१७ एप्रिल, मंगळवार

दोनशे चिठ्ठ्या झाल्या. सगळ्या बरोबर. स्वल्पविरामसुद्धा. एका चिठ्ठीवर गाजराच्या सुपाचा डाग होता. मिस ऑर्मिस्टन म्हणाल्या, चिठ्ठ्या बचावल्या, अभिनंदन.

मला समाधान वाटायला हवे होते. प्रत्येक चिठ्ठी बरोबर निघाली की मी लगेच पुढची घ्यायचो आणि ती वाचून खाली ठेवताना थोडे निराश झाल्यासारखे व्हायचे. का ते माहीत नाही. दोनशेनंतर मी आणखी चाळीस तपासल्या. त्याही बरोबर होत्या.

२१ एप्रिल, शनिवार

उद्या ईस्टर. युफी मावशीचे पत्र आले होते, "मी मरायच्या आत तोंड दाखव." गेलो.

दार उघडताच म्हणाली, "आलास? मला वाटलं, आता माझ्याच अंत्ययात्रेला येशील. तीही खाजगी नसली तर."

मी टोपी काढली.

"वर्तमानपत्रात वाचलं मी. 'अंत्यविधी सक्त खाजगी.' सक्त! म्हणजे युफीला सक्त मनाई. मी तिला दात यायच्या आधीपासून ओळखत होते."

"मावशी, तो छापायचा ठरीव मजकूर असतो. ते लोक विचारतात, खाजगी का सार्वजनिक..."

"आणि तू म्हणालास खाजगी."

"हो."

"का?"

"लोक बघतात."

"बघतील नाही तर काय, डोळे मिटून येतील?" तिने चहा ओतला. "बस. तो कोट काढ. आल्यापासून उठतोयस काय नि बसतोयस काय!"

निघायच्या वेळी तिने मला धुरी दिलेले मासे बांधून दिले. कागद गुंडाळला आणि दोरी माझ्या हातात दिली. "तू बांध, माझ्या बोटांत जोर नाही. स्ट्रिक्ट बांध, नाही तर गाडीभर वास सुटेल."

मी थांबलो. "काय म्हणालात?"

"वास सुटेल म्हणाले."

"त्याच्या आधी."

"स्ट्रिक्ट बांध. का? एडिंबऱ्यात मासे ढिले बांधतात?"

"हा शब्द असा कोण वापरतं?"

"कोण म्हणजे? माणसं. दोरी, गाठ, झोळीतलं पोर. माझी आई म्हणायची, इसोबेलची आई म्हणायची, ती पलीकडची जीन म्हणते."

"कुठे छापलेलं आहे का?"

मावशीने चष्म्यावरून पाहिले. "दोरी कशी बांधायची ते छापतात होय तुमच्याकडे?"

मग मी चिठ्ठीची नक्कल खिशातून काढून तिला दिली आणि झाले ते सगळे सांगितले. तिने भिंग घेऊन वाक्य वाचले. दोनदा वाचले.

"छापलेलं नाही हे," ती म्हणाली. "इसोबेलचं बोलणं आहे. मुलीला पुरलं त्या दिवसाचं."

"मला कळलं ते. मी फाटकापाशी हात सोडला."

"सोडणारच. तिचा बाप समोर उभा होता. तिनं ते सांगितलं नाही कधी. तिनं बोट दाखवलं होतं मला. तू इतका आवळून धरला होतास की अंगठी रुतली होती. आठवडाभर वळ होता. कोणाला दाखवायची नाही, झाकून ठेवायची. मला मात्र दोनदा दाखवला."

अंगठी रुतली होती हे मला ठाऊक नव्हते. मी तिला दुखवले आणि ते मला कळलेही नाही. तसे मी मावशीला म्हणालो.

ती म्हणाली, "वॉल्टर, तू शिकलास किती रे?"

"का?"

"काही नाही. दोरी ओढ."

मग तिने टेबलाच्या खणातून एक कागद काढला. मृत्यूला वर्ष झाले की इथल्या जिल्ह्याच्या साप्ताहिकात आठवणीच्या दोन ओळी छापायची रीत आहे. तिने त्या जानेवारीतच लिहून ठेवल्या होत्या. "तू अंत्यविधी झाकलास, पण वर्ष मी झाकू देणार नाही. वाच."

कागदावर होते : "इसोबेल टुलॉक, पिटकॅरोची. १७ मे १९६१. गेलीस, तरी तुला स्ट्रिक्ट धरून आहे. तुझी मावशी युफी."

परतीच्या गाडीत माझ्या डब्यात दोघे होते. दोघांनीही मासे ओळखले. गाठ घट्ट मारली होती तरी.

२४ एप्रिल, मंगळवार

मिस ऑर्मिस्टन यांना सगळे सांगितले. मावशी तो शब्द वापरते. तिच्या दोन ओळी १८ मेच्या अंकात येतील. तो छापील, तारखेचा, पान असलेला पुरावा होईल. 'स्ट्रिक्ट'चे पान ३१ मेला बंद होते. आणि ती बाई माझ्या नात्यातली आहे, हेही.

"त्यांनी हे कोशासाठी लिहिलंय?"

"नाही. जानेवारीत लिहिलंय. कोशाबद्दल मी सांगितलं ते या शनिवारी. तिला वाटतं आम्ही वेडे आहोत."

"शब्द तुम्ही सुचवलात?"

"नाही."

"तुम्ही बदललात?"

"एक अक्षरही नाही."

त्या नियमांची जुनी वही काढून वाचू लागल्या. पाने उलटताना ओठ हलत होते. शेवटी म्हणाल्या, "छापलेलं हवं. दिनांक हवा. पान हवं. लिहिणाऱ्यानं तो शब्द स्वतःचा म्हणून वापरलेला हवा. कोणाच्या मावशीनं लिहू नये, असं कुठे नाही." वही मिटली. "पण मूळ पाहून सही लागेल. साप्ताहिकाची प्रत ग्रंथालयात येईल तेव्हा. कात्रण चालणार नाही."

"दुसऱ्या कोणाला पाठवा. मी नातेवाईक आहे."

"तपासनीस तुम्ही एकटेच आहात, मिस्टर टुलॉक. नातेवाईकानं तपासू नये, हेही इथे कुठे नाही. मी आत्ताच पाहिलं."

१० मे, गुरुवार

वाचकांच्या यादीची छपाईपूर्व प्रत आली. मी मागितली नव्हती, बेलीने आणून ठेवली. ट्रेल, आणि लगेच टर्नबुल. मध्ये ती असायची.

मी ती प्रत बरोबर म्हणून परत केली. बरोबरच आहे.

१४ मे, सोमवार

साप्ताहिकाच्या कचेरीतून मला फॉर्म आला आहे. मजकूर युफी मावशीने दिला आहे, तरी मृताच्या पतीची संमती हवी. "संमती आहे" याखाली सही करायची. त्याखाली एक रिकामी जागा आहे : "आणखी नावे असल्यास."

सकाळपासून फॉर्म टेबलावर आहे. टपालाची पेटी पाचला उघडतात. चार वाजता सही केली. पाकीट चिकटवले. पुन्हा उघडले.

पुरावा म्हणून मावशीचे नाव पुरेसे आहे. माझ्या नावाने पुराव्यात काही भर पडत नाही. उलट मिस ऑर्मिस्टन यांना त्रास होईल, कारण मग लिहिणाऱ्यांत तपासनीसही आला. शिवाय ते साप्ताहिक गावातले सगळे वाचतात. बोटींवरची माणसे वाचतात, पाद्रीसाहेब वाचतात. इथे मिसेस गेडिसची बहीणही मागवते.

पाचला सात मिनिटे असताना रिकाम्या जागेत "आणि वॉल्टर" असे लिहिले. मग "धरून आहे" च्या जागी "धरून आहोत" करावे लागले. व्याकरणासाठी. पेटीपर्यंत धावत गेलो. या वयात धावू नये.

१७ मे, गुरुवार

वर्ष झाले. कचेरीत गेलो. मिस ऑर्मिस्टन यांना सांगितले की मजकुरात मी माझे नाव घातले आहे आणि त्यासाठी एक क्रियापद बदलले आहे.

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "तो शब्द बदललात?"

"नाही. तो मावशीचाच आहे."

"पण आता तो तुम्हीही वापरताय. स्वतःचा म्हणून."

"हो," मी म्हणालो. मग म्हणालो, "हो, वापरतोय."

"मग लिहिणारे दोघे. चिठ्ठीवर तसंच लिहा."

२४ मे, गुरुवार

अंक आज ग्रंथालयात आला. दहाला गेलो. सेवकाने अंक आणून दिला. पान सहा, तिसरा स्तंभ, बोटीच्या इंजिनच्या जाहिरातीखाली. "इसोबेल टुलॉक, पिटकॅरोची. १७ मे १९६१. गेलीस, तरी तुला स्ट्रिक्ट धरून आहोत. तुझी मावशी युफी, आणि वॉल्टर."

कोरी चिठ्ठी घेतली. शब्द, साप्ताहिकाचे नाव, दिनांक, पान, स्तंभ, वाक्य, असे सगळे माझ्या अक्षरात लिहिले. छापलेल्याशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहिले. खाली मूळ पाहिले म्हणून सही केली. सगळे मिळून दहा-बारा मिनिटांचे काम.

सेवक येऊन वाकून म्हणाला, "झालं का साहेब? त्या टेबलावरच्या गृहस्थांना हा अंक हवाय."

मी त्या गृहस्थांकडे पाहिले. ते माझ्याकडेच पाहत होते.

"नाही झालं," मी म्हणालो. "त्यांना सांगा, वेळ लागेल."

चार वाजेपर्यंत तिथेच बसलो होतो. एकदाही उठलो नाही.